होळीनंतरचा गुरुवार

आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम सात वर्षं हरत होती, आणि तिला हरताना बघायला आम्ही आठ-दहा माणसं न चुकता जात होतो. याला शौक म्हणायचं की खोड, हे मला अजून कळलेलं नाही. मी जिमखान्याचा शिपाई, म्हणजे मला जावंच लागायचं. मैदानावर फक्की मारणं, जाळी बांधणं, फुटलेल्या गुडघ्यांना औषध लावणं ही माझीच कामं. पण बाकीच्यांना काय धाड भरली होती? गेटसमोरचा चहावाला ऐन धंद्याच्या वेळी टपरीवर फडकं टाकून यायचा. गणिताचे एक रिटायर झालेले सर घरून घडीची खुर्ची घेऊन यायचे आणि गोल झाला की ती पालथी घालायचे. आमच्यावर गोल झाला की, म्हणजे खुर्ची बहुतेक वेळ पालथीच. हरलो की दोघं माझ्याशी भांडायचे, जणू सगळे गोल मीच खाल्लेत.

मी स्वतः याच टीममधून दोन वर्षं खेळलो होतो, लेफ्ट बॅक. तेव्हा आम्ही जिंकायचो. आता सांगितलं तर पोरं हसतात, म्हणून मी सांगायचं सोडलं. घरची शेती तापीकाठी, ती भावांनी बघितली. मी शिकायला म्हणून इथं आलो, परीक्षेत आपटलो आणि याच कॉलेजात शिपाई झालो. ज्या मैदानावर खेळलो त्याच मैदानावर जवळजवळ चाळीस वर्षं रेघा ओढल्या. लोकांना यात दुःख दिसतं. मला दिसत नव्हतं. टीम होती तोवर दिसत नव्हतं, असं म्हणू.

गेल्या वर्षी, म्हणजे माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, प्राचार्यांच्या खोलीत मीटिंग झाली. मी पाण्याचे ग्लास घेऊन आत गेलो तेव्हा प्राचार्य म्हणत होते, "यंदा एक तरी मॅच जिंकून दाखवा. नाहीतर टीम बंद करू. मैदानावर नवी इमारत तरी होईल." ग्लास ठेवताना पाणी कुणाच्या तरी फायलीवर सांडलं. मला बोलणी बसली. पण माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की आता एक मॅच. सबंध वर्षात फक्त एक.

त्याच मीटिंगमध्ये नवा कोच ठरला. कोल्हापूरकडचा. ही बातमी मी टपरीवर नेली तेव्हा चहावाल्यानं हातातली गाळणी खाली ठेवली.

"कोल्हापूरना शे? मंग तर काम व्हयनं भो! तठे पोऱ्या चालाना पहिले बॉलले लाथ मारतंस."

"माणूस तर येऊ दे," मी म्हटलं.

"येऊ दे काय, उनाच समज. यंदा जिकसूतच!"

गणिताच्या सरांनी खिशातून कागद काढून गुण कसे मिळतील याचं गणित मांडलं. त्यांच्या गणितात आम्ही थेट विद्यापीठाच्या फायनलला पोचत होतो. मी बाहेरून हसलो, पण त्या रात्री मलाही झोप आली नाही. आशा ही फार वाईट चीज आहे. सात वर्षं आम्ही तिच्याशिवाय मजेत हरत होतो.

कोच आला तो बघून आमचा हिरमोड झाला. लहानखुरा, किरकोळ अंगाचा, आवाज इतका हळू की समोर उभं राहिल्याशिवाय ऐकू येऊ नये. मला त्यानं पहिल्या दिवशी "मामा" म्हटलं आणि मैदानाची चावी मागितली. मग आठवडाभर तो नुसता कडेला बसून बघत राहिला. टीममध्ये तेव्हा कुणा व्यापाऱ्याचा धाकटा, कुणा पुढाऱ्याचा भाचा अशी मंडळी होती. केस नीट बसवून यायची, अर्धा तास पळायची, तासभर फोटो काढायची.

आठव्या दिवशी कोच आदिवासी वसतिगृहात गेला. नंतर दोन रविवार तळोद्याहून जीप धरून पहाडात, पोरांच्या घरी गेला. परत आला तो सहा पोरं ठरवून. सगळी आमच्याच कॉलेजात शिकणारी, पण मैदानावर कधी न दिसलेली. कुणी त्यांना बोलावलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कोचच्या नावानं बडबडणारा पहिला माणूस मीच.

"ह्या पोऱ्या कथाईन लयनात सर?" टपरीवर मी त्याच्या तोंडावर विचारलं. "बूटसुद्धा घातेल नहीत यासनी कधी."

त्याला अहिराणी निम्मीच कळायची. तो म्हणाला, "मामा, बूट घालायला दोन दिवसांत शिकवता येतं. धावायला नाही येत."

त्या सहांत एक गोलकीपर होता. पहाडातल्या काठी गावाच्याही वरच्या पाड्यावरचा, शेवटच्या वर्षाला, उंच, हात सुपाएवढे. आमच्याकडे गोलकीपरला गोलीच म्हणतात, तर हा गोली बोलायचा नाही. मी एकदा विचारलं की झेलायला कुठं शिकलास, तर म्हणाला, "भाऊ झाडावरून आंबे टाकायचा. पडला की फुटायचा." एवढंच. त्याच्या अंगावरून बॉल गेलेला मी सरावात फार क्वचित पाहिला. महिन्याभरात माझं मत बदललं आणि दोन महिन्यांत मी त्याच्यासाठी घरून भाकरी आणायला लागलो. माणूस किती लवकर पालटतो याची लाज वाटते, पण आणत होतो.

पहिली मॅच एक-एक सुटली. बरोबरी! आम्ही असे नाचलो की समोरची टीम आमच्याकडे बघतच राहिली. गणिताच्या सरांची खुर्ची एकदाच पालथी झाली. दुसरी मॅच एक गोलनं हरलो, तीही शेवटच्या मिनिटाला, पेनल्टीवर. मग परीक्षा आल्या, मॅचेस पुढं ढकलल्या गेल्या आणि राहिली एकच मॅच. ती जिंकली तर टीम राहणार, नाही तर इमारत उभी राहणार.

समोरच्या कॉलेजनं दोन तारखा कळवल्या होत्या. एक, होळीनंतरचा गुरुवार, आमच्या मैदानावर. दुसरी त्यानंतर दहा दिवसांनी. पण तोवर आमच्या मैदानावर परीक्षेचा मांडव पडणार, म्हणजे मॅच त्यांच्याकडे, बसनं तीन तास. कोच चावी परत द्यायला आला तेव्हा मला म्हणाला, "मामा, तुम्ही इथले. गुरुवारी काही अडचण?"

मी मनात मोजलं. रविवारी होळी, सोमवारी धुळवड, मंगळवारी अंग दुखणार, बुधवारी सगळे कामाला. "काही अडचण नाही सर," मी म्हटलं. "उलट गावातली माणसं मोकळी असतील. गर्दी होईल." मी मोजली ती आमची होळी होती. अक्कलकुव्याच्या वर, पहाडात, होळी एका रात्रीत आटपत नाही, ती गावोगाव फिरते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरुणपणी मी स्वतः काठीला जाऊन आलो होतो, पहाटे होळी पेटताना बघितली होती, ढोलानं दोन दिवस कान बंद झाले होते. पण हिशेब करताना ती होळी माझ्या बोटांवर आलीच नाही.

गुरुवारची तारीख कळवली गेली. दोन दिवसांनी गोली जिमखान्यात आला. मी जाळीची भोकं शिवत बसलो होतो. तो दारात उभा राहिला.

"मामा, गुरुवारी मी नाही."

सुई माझ्या बोटात गेली. "नाही म्हणजे?"

"माझा नवस आहे. आईला साप चावला होता. वाचली. मी पाच वर्षं होळीत नाचायचं बोललोय, हे शेवटचं वर्ष." मग त्यानं सांगितलं की नवस धरलेल्यानं पालनी पाळायची असते. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे, खाटेवर टेकायचं नाही, पायात काही घालायचं नाही. त्याची पालनी गुरुवारी रात्री सुटणार होती. बाकीची पाच पोरंही होळीला वर जाणारच होती. "सरांना तुम्ही सांगा मामा. मला सांगता येत नाही. ते खूप करतात आमच्यासाठी."

इथं मी काय केलं ते नीट लिहितो. मी त्याला बसवलं आणि समजावलं. आमच्या सपाटीवरच्या गावांत नवस म्हणजे देवाशी केलेली बोली असते, आणि बोलीत मागेपुढे चालतं. माझ्या आईनं कानबाईला बोललेली साडीचोळी आमच्या घरात अकरा वर्षं पुढं ढकलली गेली. दरवर्षी हात जोडून सांगायचं, माय, पुढच्या वर्षी नक्की. कानबाईनं कुणाचं काही वाकडं केलं नाही. मला वाटलं, सगळ्यांचे देव असेच समजूतदार असतात. मी म्हटलं, "अरे, गुरुवारी सकाळच्या जीपनं उतर. दोन तास खेळ, संध्याकाळच्या जीपनं परत वर जा. देव काही मॅच बघायला येत नाही."

तो काही बोलला नाही. मी ते त्याचं हो धरलं.

"आणि सरांना मी सांगतो," मी म्हटलं.

सांगितलं नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं, पण मी विसरलो नव्हतो. रोज सकाळी सहाला कोच चावी न्यायला यायचा आणि रोज माझ्या जिभेवर ते यायचं. मला ठाऊक होतं, हा माणूस ऐकेल. लगेच फोन लावेल आणि दुसरी तारीख घेईल. मग मॅच तीन तासांवर, परक्या मैदानावर, आणि आम्ही म्हातारे इथं टपरीवर बसून निकालाची वाट बघणार. मला ती मॅच माझ्या मैदानावर हवी होती, मी मारलेल्या फक्कीवर. शेवटचं वर्ष माझं होतं ना. त्या हट्टापुढं मला बाकी काही दिसलं नाही.

गुरुवार उजाडला. मी पहाटेच रेघा मारल्या. इतक्या सरळ रेघा मी आयुष्यात कधी मारल्या नव्हत्या. तीन वाजेपर्यंत दोनशेच्या वर माणूस जमलं. चहावाला आख्खी टपरी उचलून मैदानावर घेऊन आला होता. गणिताच्या सरांनी नातवाला खांद्यावर घेतलं होतं. कोच सारखा रस्त्याकडे बघत होता. पहाडातली पोरं सकाळी येणार होती, दुपार झाली तरी पत्ता नव्हता. त्यानं मला विचारलं, "मामा, हे येतात ना वेळेवर?" मी म्हटलं, "येतीन सर, जीपा भरल्याशिवाय निघत नाहीत."

साडेतीनला जीप आली. सहांपैकी चार उतरले, डोळे जागून लाल झालेले. दोघं आलेच नव्हते, त्यांच्या पाड्याची होळी त्याच दिवशी होती. सगळ्यात शेवटी गोली उतरला. तो मागच्या पायरीवर उभ्यानं आला होता, सीटवर टेकला नव्हता. जर्सी घातलेली होती, पण गळ्यापासून वर आणि गुडघ्यापासून खाली राखेचे पांढरे ठिपके. पाय अनवाणी. माणसं बाजूला झाली. कुणी हसलं नाही, हे आमच्या गावाबद्दल मी चांगलं सांगू शकतो असं एवढंच.

कोचनं बूट पुढं केले. गोलीनं मान हलवली.

"सर, मी असाच उभा राहतो. अडवतो."

रेफ्री आला आणि म्हणाला, बुटांशिवाय खेळता येणार नाही, नियम आहे. त्याचंही बरोबर होतं. त्या दिवशी सगळ्यांचंच बरोबर होतं, मी सोडून. कोच गोलीच्या पायाशी उकिडवा बसला, दोन्ही हातांत बूट. "बाळा, फक्त नव्वद मिनिटं."

"सर, आज रात्री सुटते पालनी. उद्या सकाळी सहाला घालून येतो." एवढा मोठा गडी, पण आवाज रडवेला झाला होता. "आईच्या नावाचं आहे सर."

 कोच उठला, बूट बाजूला ठेवले आणि व्यापाऱ्याच्या धाकट्याला गोलात उभं केलं.

मॅचचं काय सांगू. आमच्यावर पाच गोल झाले. पहिले दोन हाफटाइमच्या आधी, आणि दोन्ही असे की गोलीनं एका हातानं उचलले असते. तो सगळा वेळ जाळीच्या मागं अनवाणी उभा होता, धाकट्याला ओरडून सांगत होता, डावीकडं, पुढं हो, आता उडी मार. तिसऱ्या गोलनंतर त्यानं ओरडणं सोडलं. गर्दी हाफटाइमलाच पांगली होती. गणिताच्या सरांनी खुर्ची पालथी घातली नाही, घडी घालून काखेत मारली आणि नातवाला घेऊन घरी गेले. चहावाला किटली विसळत होता. मैदानावर पसाभर माणसं राहिली आणि माझ्या सरळ रेघा.

शिट्टी झाल्यावर कोच जाळीकडे गेला. मी जाळी सोडायला तिथंच उभा होतो, तिघांत दोन हातांचं अंतर. त्याचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"तुला नवस आहे हे तुला महिनाभर आधी माहीत होतं. तारीख बदलता आली असती. कुणाला तरी सांगायचंस ना! का नाही सांगितलंस?"

गोलीनं माझ्याकडे पाहिलं. लगेच नाही, पण पाहिलं. मी जाळीची गाठ सोडत होतो. ती सुटत नव्हती, आणि मी तिच्यावरून नजर काढली नाही.

मी ती तशीच सोडून पुढच्या गाठीला हात घातला. मग गोली म्हणाला, "विसरलो सर."

"विसरलास," कोच म्हणाला. "मी तुमच्यासाठी काय काय केलं, आणि तू विसरलास." आणि पाठ फिरवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गोली बूट घालून मैदानावर आला होता. दुसरं कुणी आलं नाही. कोचही आला नाही. मी जिमखान्याच्या खिडकीतून बघत होतो. तो एकटाच मैदानाला फेऱ्या मारत राहिला. आठव्या फेरीनंतर मी खिडकी लावून घेतली.

आठवड्यात टीम बंद झाल्याची सूचना लागली. कोचची नेमणूक वर्षापुरतीच होती, ती पुढं गेली नाही. मी त्याची बॅग घेऊन एस.टी. स्टँडवर गेलो. वाटेत दोनदा सांगायचं ठरवलं. बस लागली तेव्हा तो म्हणाला, "मामा, या गावात एक माणूस मला सगळं खरं सांगायचा, तो म्हणजे तुम्ही." मी म्हटलं, "डाव्या बाजूला बसा सर, ऊन लागणार नाही."

टपरीवर अजून ती मॅच निघते. चहावाला दर वेळी तेच म्हणतो, "त्या गोलीनी घात करा भो. नहीते जिकतूत." मी त्याच्या हातचा चहा पितो आणि मान हलवतो. गावभर आता हेच खरं आहे. ज्याला आम्ही डोक्यावर घ्यायला निघालो होतो त्याच्या नावानं आम्ही बोटं मोडतो, आणि बोट दाखवायचं ते माझ्याकडे हे फक्त दोघांना ठाऊक आहे.

दुसरा म्हणजे तो. परीक्षा संपल्यावर तो बूट आणि जर्सी परत द्यायला जिमखान्यात आला. बूट धुतलेले होते, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. माझ्या रिटायरमेंटला महिना उरला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि मला राहवलं नाही.

"त्या दिवशी सरांना माझं नाव का नाही सांगितलंस?"

त्याला माझा प्रश्न कळला नाही असं वाटलं. मग तो अगदी साधेपणानं म्हणाला, "तुम्ही तिथंच होता ना मामा. सर विचारत होते, तेव्हा मी थांबलो होतो. मला वाटलं, तुम्ही सांगताय."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. त्यानं जर्सी टेबलावर ठेवली, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि गेला. मी बूट उचलून कपाटात ठेवले. कपाट रिकामंच होतं, तरी मी ते खालच्या कप्प्यात, मागं ढकलून ठेवले.